‘केवळ’ या शब्दाची नीती
हुकूमशाही, संस्कृती आणि रोजचे जगणे

१

हुकूमशाहीविषयीच्या लेखनात दोन माणसे नेहमी ठळक असतात : छळणारा आणि छळ सोसणारा. तुरुंग, हद्दपारी, भूमिगत पत्रके, कोठडीतून बाहेर आलेली चिठ्ठी ही या लेखनाची परिचित स्थळे होत. हे स्वाभाविकही आहे. सत्तेचे स्वरूप तिच्या टोकाच्या कृतीत सर्वांत स्पष्ट दिसते. परंतु कोणत्याही हुकूमशाहीत बहुसंख्य माणसे या दोहोंपैकी कोणीच नसतात. ती सकाळी कामाला जातात, मुलांना शाळेत घालतात, लग्ने ठरवतात, नाटकाला जातात, मासिकांची वर्गणी भरतात, संमेलने भरवतात. या जगण्याचे नैतिक मूल्यमापन कसे करावयाचे, हा प्रश्न सहसा दोन सोप्या उत्तरांनी मिटवला जातो. पहिले उत्तर असे की, जे गप्प राहिले ते सर्व सहभागी होते. दुसरे असे की, सामान्य माणसाला पर्यायच नव्हता. तेव्हा त्याच्याबाबत नैतिक प्रश्न उद्भवतच नाही. पहिले उत्तर प्रत्येकाकडून हौतात्म्याची अपेक्षा धरते. दुसरे बहुसंख्यांना नैतिक विचाराच्या कक्षेबाहेर काढते. माणसे रोज जे बारीकसारीक निर्णय घेत होती त्यांच्याकडे दोन्ही उत्तरांचे लक्ष नसते.

हाना आरेन्ट यांनी ‘द ओरिजिन्स ऑफ टोटॅलिटेरियनिझम’ (१९५१) या ग्रंथात केलेला भेद येथे उपयोगी पडतो. जुन्या पद्धतीची जुलूमशाही माणसाला सार्वजनिक क्षेत्रातून हुसकावते, पण त्याचे घर, व्यवसाय आणि कलाकौशल्य बहुतांशी त्याच्याकडे राहू देते. सर्वंकष सत्ता मात्र खासगी जीवनातही शिरते. ही कसोटी काटेकोरपणे लावली तर नाझी जर्मनी किंवा स्टालिनकालीन रशिया यांच्यासारखा अनुभव मराठी भाषकांच्या वाट्याला आलेला नाही, असेच म्हणावे लागेल. परंतु या टोकाच्या अलीकडच्या तीन परिस्थितींतून मराठी समाजाचे काही भाग गेले आहेत : वसाहतीतील स्थानबद्धता, सालाझारच्या अमलाखालील गोवा आणि १९७५ ते १९७७ ची आणीबाणी. या तिन्ही एकरूप नाहीत, आणि त्यांना एकाच मापाने मोजणे हा इतिहासावर अन्याय ठरेल. तरीही तिन्हींत एक समान सूत्र आढळते. सत्तेने संस्कृती नष्ट केली नाही. तिला एका अटीवर परवानगी दिली. लिहा, पण केवळ साहित्य लिहा. शिकवा, पण केवळ भाषा शिकवा. एकत्र या, पण केवळ जेवायला, पूजेला, नाटकाला या. ही अट ज्या एका शब्दात सामावली आहे, त्या ‘केवळ’चा विचार येथे करावयाचा आहे.

२

आरंभ रत्नागिरीपासून करणे योग्य ठरेल. ६ जानेवारी १९२४ रोजी येरवड्याच्या तुरुंगातून विनायक दामोदर सावरकर यांची सुटका झाली ती दोन अटींवर : रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जावयाचे नाही आणि पाच वर्षे राजकारणात भाग घ्यावयाचा नाही. ही मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली आणि निर्बंध उठले ते १९३७ मध्ये. या तेरा वर्षांत रत्नागिरीत काय घडले हे सर्वज्ञात आहे. अस्पृश्यतानिवारणाची चळवळ, सहभोजने, १९३१ मध्ये उघडलेले पतितपावन मंदिर, भाषाशुद्धी, लिपिसुधारणा आणि ‘उःशाप’, ‘संन्यस्त खड्ग’ यांसारखी नाटके हे सर्व त्या अटीच्या आत घडले. सावरकरांच्या एकूण राजकारणाचे मूल्यमापन हा वेगळा विषय आहे आणि त्याविषयी तीव्र मतभेद आहेत. प्रस्तुत विवेचनापुरता प्रश्न इतकाच की, राजकारण आणि समाजकारण-संस्कृती यांच्यातील सीमारेषा येथे कोणी आखली?

ती सरकारने आखली. कोणते कृत्य ‘राजकीय’ आणि कोणते ‘सामाजिक’ हे त्या कृत्याच्या स्वरूपावरून ठरत नव्हते. ते जिल्ह्याच्या कचेरीत ठरत होते. देवळात कोणी शिरावे हा प्रश्न सामाजिक मानला गेला. परकी शब्दाऐवजी स्वभाषेतला शब्द घडवणे हे भाषिक कार्य मानले गेले, वास्तविक शब्द घडवण्यामागे राष्ट्राची एक कल्पना उघड उघड उभी होती. रंगमंचावरील ऐतिहासिक प्रसंगाचा रोख प्रेक्षकांना कळत होता. तो अधिकाऱ्यांना मुळीच कळत नसेल असे समजण्याचे कारण नाही. सीमारेषेच्या अलीकडे पुष्कळ काही करता येते हा या तेरा वर्षांचा एक निष्कर्ष. पण त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा की, ती सीमारेषा लादलेली आहे हे दोन्ही बाजूंना माहीत होते. अट लेखी होती, तिला मुदत होती, ती वाढवल्याचे हुकूम निघत होते. ‘केवळ सामाजिक’ हे वर्णन कोणाच्याही तत्त्वज्ञानातून आलेले नव्हते. ते सुटकेच्या कागदावरून आले होते.

या परिस्थितीतला नैतिक प्रश्न त्यामुळे तुलनेने सरळ आहे. ज्याला आपली बेडी दिसते त्याने बेडीसह चालावे की चालू नये, असा तो प्रश्न. बेडीसह चालणे म्हणजे बेडी मान्य करणे नव्हे, असे त्याचे उत्तर देता येते. आणि त्या उत्तराविषयी वादही करता येतो, कारण बेडी सर्वांसमोर असते.

३

रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, तेरेखोलच्या खाडीपलीकडे, परिस्थिती निराळी होती. १९३० चा वसाहत कायदा आणि १९३३ ची पोर्तुगालची राज्यघटना यांनी ‘नवे राज्य’ या नावाची जी व्यवस्था उभी केली तिच्या केंद्रस्थानी अन्तोनियु सालाझार होते. १९३२ ते १९६८ एवढा दीर्घकाळ ते पंतप्रधान होते. ही राजवट शास्त्रीय अर्थाने सर्वंकष होती की केवळ एकाधिकारी होती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु गोव्यातील रोजच्या जीवनावर तिने टाकलेला भार कसा होता हे एका वस्तूवरून ध्यानात येईल. ती वस्तू म्हणजे लग्नपत्रिका. जाहीर सभेला पूर्वपरवानगी लागत असे. छापल्या जाणाऱ्या मजकुराला तपासणी लागत असे. आणि या ‘मजकुरा’तून लग्नाचे निमंत्रणही सुटत नसे. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया बोलण्यास उभे राहिले आणि त्यांना अटक झाली. सविनय कायदेभंगाचा विषय कोणतेही मोठे तत्त्व नव्हते. परवानगी न मागता चार माणसांसमोर बोलणे हाच तो विषय होता.

लग्नपत्रिकेवर परवानगी घेणाऱ्या बापाने काही गुन्हा केला असे कोणी म्हणणार नाही. पत्रिकेतील मजकूर एका अक्षरानेही बदलला गेला नसेल. गणपतीचे नाव, वधूवरांची नावे, मुहूर्त, मांडवाचे ठिकाण हे सर्व तसेच राहिले असेल. बदलले ते वेगळेच : जे आपले म्हणून होते ते मिळालेले म्हणून उरले. विवाह हा दोन कुळांतील व्यवहार. तो आता शासनाने होऊ दिलेला व्यवहार झाला. सत्तेला पत्रिकेतून काही वगळावयाचे नव्हते. प्रत्येक घराला, घरातील सर्वांत मोठ्या आनंदाच्या क्षणी, एकदा परवानगीच्या खिडकीपुढे उभे करावयाचे होते. तपासणीचे हे शिक्षणात्मक कार्य तिच्या वगळण्याच्या कार्याहून अधिक खोल जाणारे आहे.

अशा व्यवस्थेत ‘केवळ’चे क्षेत्र वरकरणी मोठे असते. गोव्यात देवस्थाने होती, जत्रा होत्या, हौशी नाटके होती, खासगी मराठी शाळा होत्या. कोकणातल्या अनेक घराण्यांची कुलदैवते तेथे असल्यामुळे हद्दीच्या दोन्ही बाजूंना नाती होती. हे सर्व ‘केवळ धर्म’, ‘केवळ करमणूक’, ‘केवळ अक्षरओळख’ म्हणून चालू होते. पण या क्षेत्रातील कोणतीही वस्तू केव्हाही आपले ‘केवळ’पण गमावू शकत असे. सांगलीकडचे मनोहर आपटे सावईवेऱ्यास मराठीचे शिक्षक म्हणून राहिले, आणि मोहन रानडे या नावाने सशस्त्र लढ्यात उतरले. १९५५ मध्ये ते पकडले गेले. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, तरी त्यांची पोर्तुगालमधील तुरुंगातून सुटका झाली ती १९६९ मध्ये. मराठी शाळेकडे शासन संशयाने पाहत असेल तर तो संशय अगदीच निराधार नव्हता, असे म्हणावे लागते. आणि त्याच वेळी असेही म्हणावे लागते की, मराठी मुळाक्षरे शिकवणारा प्रत्येक शिक्षक रानडे नव्हता व त्याने तसे असावे अशी अपेक्षा करण्याचा अधिकार कोणालाही नव्हता.

याहूनही बोलका प्रसंग १९५४ च्या फेब्रुवारीतला आहे. म्हापशात एका न्यायाधीशासाठी मेजवानी होती. पानसुपारीच्या पातळीवरचा सभ्य कार्यक्रम. बोलण्याच्या ओघात एका वक्त्याने गोवा हा पोर्तुगालचा भाग असल्याचे म्हटले. शल्यविशारद डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी तेथल्या तेथे ‘मी निषेध करतो’ अशा अर्थाचे शब्द उच्चारले. त्यांना अटक झाली आणि पोर्तुगालला पाठवण्यात आले. येथे कोणी सभा बोलावली नव्हती, पत्रक वाटले नव्हते. राजकारण आणले असेल तर ते त्या वक्त्याने आणले होते. मात्र त्याचे वाक्य ‘केवळ शिष्टाचार’ म्हणून खपून जाणार होते. हुकूमशाहीत सत्तेचे विधान शिष्टाचार ठरते आणि त्यावरील आक्षेप राजकारण ठरतो. गायतोंडे यांनी त्या वाक्याचे झाकलेले स्वरूप उघडे केले, एवढेच. ज्या टेबलावर इतर मंडळी गप्प राहिली त्यांच्यापैकी बहुतेकांना ते वाक्य पटलेलेही नसेल. पण त्यांच्या गप्प राहण्याने ते वाक्य सर्वसंमत झाले असते.

पुढील वर्षी, १९५५ च्या अखेरीस, तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील आणि आज सिंधुदुर्गात असलेल्या आंबोलीच्या जंगलातून एक गुप्त नभोवाणी केंद्र सुरू झाले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ते चालवीत. कोंकणी आणि पोर्तुगीज भाषांतून गोव्याला उद्देशून होणारे हे प्रक्षेपण १९६१ पर्यंत, पुढे जागा बदलून, चालू राहिले. इतिहासात या दोघांचे नाव राहते, आणि ते राहिलेच पाहिजे. पण साहित्याच्या अभ्यासकाला दुसऱ्या टोकाचाही विचार करावा लागतो : बंद खोलीत आवाज लहान करून ऐकणारा तो श्रोता. त्याने काहीही केले नाही. त्याने फक्त ऐकले, आणि दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा दुकानात बसला. त्याच्या या दुहेरी जगण्याला ढोंग म्हणावयाचे की जतन म्हणावयाचे? या प्रश्नाचे उत्तर आणीबाणीचा अनुभव पाहिल्यावर अधिक नीट देता येईल.

४

२५ जून १९७५ च्या रात्री जाहीर झालेली आणीबाणी २१ मार्च १९७७ रोजी उठली. या काळात देशभर एक लाखाहून अधिक माणसे स्थानबद्ध झाली. वृत्तपत्रांवर प्रसिद्धिपूर्व तपासणी आली. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धाला न्यायालयाचे दार बंद असल्याचा निर्णय दिला. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने त्याच वर्षी सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. निवडणूक झाली आणि सत्ता बदलली, त्यामुळे या एकवीस महिन्यांना सर्वंकष हुकूमशाही म्हणणे अचूक ठरणार नाही. पण मराठी साहित्यव्यवहाराच्या दृष्टीने हा अनुभव गोव्याहून अधिक अस्वस्थ करणारा आहे. तेथे सत्ता परकी होती. येथे ती आपली होती, आणि तिची भाषाही आपली होती.

दोन्ही ठिकाणच्या तपासणीत एक फरक आहे. सालाझारच्या काळात पोर्तुगीज वृत्तपत्रांवर हा अंक तपासणीतून गेला आहे, अशा अर्थाची ओळ छापलेली असे. वाचकाला निदान इतके कळे की, आपल्या हातातला कागद कोणाच्या तरी हाताखालून आला आहे. आणीबाणीच्या पहिल्या दिवसांत ‘इंडियन एक्सप्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली, तेव्हा कोऱ्या जागेलाच हरकत घेण्यात आली. मजकूर काढला तर काढल्याची खूणही उरता कामा नये. पान भरलेले दिसले पाहिजे. पहिली व्यवस्था माणसाला त्याची मर्यादा दाखवून त्याचा अपमान करते. दुसरी ती लपवते आणि मर्यादेच्या आतले जग हेच पूर्ण जग आहे असे त्याला वाटू देते. मर्यादेला मर्यादा म्हणण्याची सोय काढून घेणे हे मजकूर काढून घेण्यापेक्षा अधिक गंभीर आहे.

आणीबाणीतील मध्यमवर्गीय समर्थनाची भाषा याच ठिकाणी तपासावी लागते. ‘गाड्या वेळेवर धावू लागल्या’, ‘कचेरीत माणसे जागेवर सापडू लागली’ ही विधाने खोटी होती म्हणून ती आक्षेपार्ह आहेत असे नाही. काही प्रमाणात ती खरीही असतील. त्यांचा दोष असा की, ती रोजच्या जगण्याला ‘केवळ सोय’ या अर्थाने समजून घेतात. ‘अनुशासन पर्व’ हा विनोबांच्या नावाने फिरलेला शब्द किंवा ‘बातें कम, काम ज्यादा’ ही घोषणा यांचा खरा विषय शिस्त नव्हताच. विषय होता बोलणे. बोलणे आणि काम या दोन विरोधी गोष्टी आहेत, हे एकदा मनावर बिंबले की गप्प बसणे हा कष्टाळूपणाचा पुरावा ठरतो. व्हाक्लाव हावेल यांनी १९७८ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात दुकानात घोषणेची पाटी लावणाऱ्या भाजीवाल्याचे उदाहरण घेतले आहे. त्याला पाटीवरच्या मजकुराशी काही कर्तव्य नसते. मला त्रास देऊ नका, एवढेच तो पाटीतून सांगत असतो. परंतु तेच त्याने उघड शब्दांत लिहावयाचे ठरवले तर त्याला लाज वाटेल. घोषणा ती लाज झाकते. ‘आम्ही केवळ आमचे काम करतो’ हे वाक्य भारतीय कचेरीत, शाळेत, छापखान्यात आणि संपादकाच्या टेबलावर अशाच झाकणाचे काम करीत होते.

डिसेंबर १९७५ मध्ये कराडला भरलेल्या साहित्य संमेलनाचा विचार या पार्श्वभूमीवर केला पाहिजे. अध्यक्ष दुर्गा भागवत होत्या. स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्रिमंडळातील यशवंतराव चव्हाण. देशात सभाबंदी असताना एवढा मोठा मेळावा भरू शकला, कारण तो ‘केवळ साहित्याचा’ होता. या परवानगीचा फायदा घ्यावा की ती नाकारावी, असा पेच कोणत्याही विचारी लेखकापुढे होता. दुर्गाबाईंनी तेथे लेखनस्वातंत्र्याविषयी निर्भयपणे मत मांडले, हे सर्वश्रुत आहे. परंतु तात्त्विक दृष्ट्या त्यांच्या भाषणाहूनही लक्षणीय आहे ती त्यांनी केलेली प्रार्थनेची सूचना. स्थानबद्धतेत प्रकृती खालावलेले जयप्रकाश नारायण तेव्हा आजारी होते. त्यांना बरे वाटावे म्हणून प्रार्थना करावी, असे त्यांनी उपस्थितांना सांगितले.

आजारी माणसासाठी प्रार्थना करणे याहून घरगुती, याहून अराजकीय कृती दुसरी नाही. प्रत्येक घरात ती केव्हा ना केव्हा होते. सत्तेने जे क्षेत्र ‘केवळ’ म्हणून मोकळे ठेवले होते त्यातलीच ही कृती होती. दुर्गाबाईंनी सीमारेषा ओलांडली नाही. अलीकडच्या बाजूला असलेली साधी गोष्ट पूर्ण अर्थाने केली. आजाऱ्यासाठी प्रार्थना करावयाची तर तो आजारी का पडला, कोठे पडला, हे मनात येणारच. ते येऊ न देता केलेली प्रार्थना ही प्रार्थनाच नव्हे. मंडपात उभ्या राहिलेल्या माणसांना त्या क्षणी कळले असेल की, ‘केवळ’ राहण्यासाठी आपल्याला रोज किती गोष्टी मनातून वगळाव्या लागत आहेत. पुढे १९७६ मध्ये मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात काम करीत असताना दुर्गाबाईंना अटक झाली. सत्तेला ग्रंथालयातील ती ‘केवळ विदुषी’ कधीच ‘केवळ’ वाटलेली नव्हती.

खासगी जीवनाबाबतही हेच दिसते. राजापूरचे खासदार मधु दंडवते यांना २६ जून १९७५ रोजी बंगळूरला अटक झाली. प्रमिला दंडवते पुढे येरवड्यात स्थानबद्ध झाल्या. पतीपत्नींचा संसार दोन तुरुंगांमधल्या पत्रांतून चालला आणि प्रत्येक पत्र तपासनिसाच्या नजरेखालून गेले. पत्राच्या प्रकाराविषयी मराठी समीक्षेने पुष्कळ लिहिले आहे : त्याचा खासगीपणा, त्याचा अनौपचारिक सूर, त्यातील ‘तू’. ज्या पत्राला दोन वाचक आहेत आणि त्यातील एक अनाहूत आहे, त्या पत्रात ‘तू’ कोणाला उद्देशून असतो? या प्रश्नाला सामोरे गेल्याशिवाय त्या काळातील कोणत्याही खासगी लेखनाचे वाचन पुरे होणार नाही.

५

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. संस्कृतीतील ‘केवळ’पणावर संशय घेणे म्हणजे प्रत्येक कृतीकडे राजकीय अर्थाची मागणी करणे होय, आणि ही मागणी तर सर्वंकष सत्तेचीच खूण आहे. १९३४ मध्ये सोव्हिएत लेखकांच्या अधिवेशनात समाजवादी वास्तववाद हा अधिकृत मार्ग ठरला. १९४६ मध्ये पक्षाच्या ठरावाने आन्ना आख्मातोवा यांच्या कवितेवर बहिष्कार आला, तो ती खासगी भावनेची कविता होती म्हणून. जेथे सर्व काही पक्षकार्य असले पाहिजे तेथे ‘ही केवळ प्रेमकविता आहे’ असे म्हणणे हेच बंड असते. मग ‘केवळ’ला भ्याडपणाचे लक्षण कसे ठरवता येईल?

हा आक्षेप मान्य केलाच पाहिजे, आणि त्यामुळे मूळ प्रश्न अधिक नेमका होतो. ‘केवळ’ या शब्दाला स्वतःचे नैतिक मूल्य नाही. कलेची स्वायत्तता सत्तेविरुद्ध उच्चारली जाते तेव्हा ती एक हक्क असते. सत्तेने दिलेली सवलत म्हणून ती स्वीकारली जाते तेव्हा ती केवळ सूट असते. दोन्हींचे शब्द तेच राहतात. मराठीत फडके–खांडेकर वादापासून मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’पर्यंत (१९५५) स्वायत्ततेची जी चर्चा झाली, तिच्यात हा भेद पुरेसा स्पष्ट झाला नाही. वाङ्मयीन मूल्ये वाङ्मयबाह्य निकषांनी ठरू नयेत, हे मर्ढेकरांचे म्हणणे तात्त्विक दृष्ट्या समर्थनीय आहे. पण त्याच मर्ढेकरांच्या कवितेवर अश्लीलतेचा खटला चालला होता. ते निर्दोष सुटले. तरी कवितेला ‘केवळ कविता’ म्हणून सोडून देण्यास शासन बांधील नाही, हे त्यातून दिसलेच. सत्तेचा ‘केवळ’वर विश्वास नसतो. विनय हर्डीकर यांच्या आणीबाणीवरील ‘जनांचा प्रवाहो चालिला’ला (१९७८) राज्य पुरस्कार नाकारला गेला तो १९८१ मध्ये, म्हणजे आणीबाणी संपून चार वर्षे झाल्यावर. २०२२ मध्ये एका अनुवादाचा राज्य पुरस्कार जाहीर होऊन रद्द झाला, तेव्हाही ‘हा केवळ अनुवाद आहे’ हे म्हणणे उपयोगी पडले नाही. या दोन्ही वेळी देशात हुकूमशाही नव्हती. म्हणूनच ही उदाहरणे महत्त्वाची आहेत : सीमारेषा आखण्याची सवय राजवटीबरोबर येत नाही आणि तिच्याबरोबर जातही नाही.

तेव्हा भेदाची कसोटी अशी मांडता येईल. मर्यादेत राहणाऱ्या माणसाला त्या मर्यादेविषयी, निदान स्वतःशी, खरे बोलता येते काय? नोकरीसाठी, मुलांसाठी, भीतीने गप्प बसलेला शिक्षक ‘मी घाबरलो’ असे म्हणू शकतो. हे वाक्य दुर्बळ आहे, पण खरे आहे. त्यात मर्यादा मर्यादाच राहते, तिच्यापलीकडचे जग आहे तेथेच राहते, आणि केव्हा तरी तिकडे जाण्याची शक्यता शिल्लक राहते. नैतिक पडझड सुरू होते ती तोच शिक्षक ‘शिक्षणाचा राजकारणाशी संबंध नसतो’ असे शिकवू लागतो तेव्हा. भीतीचे रूपांतर तत्त्वात होते. पहिल्या अवस्थेत त्याने स्वतःपुरते काही गमावले होते. दुसऱ्या अवस्थेत तो पुढच्या पिढीकडून ती भीतीही काढून घेतो, कारण भीती वाटण्यासारखे काही आहे हेच तिला कळत नाही. आंबोलीच्या केंद्राचा आवाज लहान करून ऐकणाऱ्या त्या श्रोत्याचे उत्तर येथे मिळते. तो दुकानात गप्प होता, पण आपण गप्प का आहोत हे त्याला माहीत होते. त्याचे दुहेरीपण हे ढोंग नव्हते. त्याने सीमारेषेची आठवण जतन केली होती.

या कसोटीचा एक तोटा मान्य केला पाहिजे. ती अंतःकरणाची कसोटी आहे, आणि दुसऱ्याचे अंतःकरण बाहेरून दिसत नाही. म्हापशाच्या मेजवानीत गप्प राहिलेल्यांपैकी कोण भ्यालेला होता आणि कोण निश्चिंत होता, हे आज ठरवता येणार नाही. म्हणून व्यक्तींवर निवाडा देण्यासाठी ही कसोटी वापरता येत नाही, वापरूही नये. परंतु भाषा बाहेर असते, ती छापलेली असते, ती वाचता येते. भीतीचे तत्त्व होताना भाषेत काय घडते, कोणती क्रियापदे कर्त्याशिवाय येऊ लागतात, ‘आदेशानुसार’ कोठे संपते आणि ‘परंपरेनुसार’ कोठे सुरू होते, हे तपासता येते. व्हिक्टर क्लेम्पेरर यांनी नाझी राजवटीत राहून रोजच्या जर्मन शब्दांची टिपणे ठेवली आणि १९४७ मध्ये ती ग्रंथरूपाने आणली. भाषाशास्त्राचा एक प्राध्यापक स्वतःच्या कामाच्या बळावर काय करू शकतो, याचे ते उदाहरण आहे. त्याने ‘केवळ’ शब्दांचाच अभ्यास केला.

६

यावरून मराठी समीक्षेपुढे एक काम उभे राहते. आणीबाणीचे साहित्य म्हणून आपण तुरुंगातील आठवणी, कविता, कादंबऱ्या शिकवतो. गोवा मुक्तीचे साहित्य म्हणून सत्याग्रहींची आत्मचरित्रे शिकवतो. हे शिकवलेच पाहिजे. पण त्या एकवीस महिन्यांत निघालेले दिवाळी अंक, महाविद्यालयांची वार्षिके, शालेय निबंधस्पर्धांचे विषय, जिल्हा ग्रंथालयांचे अहवाल, नाट्यसंस्थांच्या कार्यक्रमपत्रिका यांच्याकडे वाङ्मयीन सामग्री म्हणून पाहिले जात नाही, कारण त्यांत काही ‘घडत’ नाही. सत्तेने जे पान भरलेले दिसावे असा आग्रह धरला होता ते पान नेमके हेच आहे. त्याच्या भरलेपणातून कोरी जागा वाचून काढणे हे समीक्षेचेच कौशल्य आहे. ते इतिहासकारावर सोडून देता येणार नाही. रत्नागिरी, राजापूर, सावंतवाडी यांसारख्या गावांतील जुन्या वाचनालयांत अशा कागदांचे गठ्ठे असतात. कसर लागण्यापूर्वी ते कोणी तरी उघडले पाहिजेत.

आणि ते उघडताना निवाड्याची घाई करता कामा नये. समजा, तिथे पोर्तुगीज अमलातील गोव्यातली एखादी लग्नपत्रिका सापडली. वर गणपतीचे नाव, खाली वधूवरांची नावे, मुहूर्त, आहेर आणू नये अशी विनंती. रचना नेटकी, मजकूर निर्दोष. ती परवानगीच्या खिडकीतून आली आहे हे तिच्यावरून कळणार नाही. ती छापणाऱ्या बापाला दोष देण्याचे कारण नाही. पण ही पत्रिका म्हणजे केवळ लग्नपत्रिका होय, असे म्हणून ती बाजूला ठेवणाऱ्या अभ्यासकाला मात्र आपण हा शब्द कोठून घेतला, असे विचारता आले पाहिजे.